रानफुलांचे शोधक आणि त्यांचें गद्य

आषाढ लागला, कीं आमच्या करंजाडे-पनवेलच्या बाजूची कांहीं मंडळी दर रविवारीं पाठीवर पिशवी टाकून कर्नाळ्याच्या रानांत अथवा माथेरानच्या पायवाटांवर फुलें शोधीत हिंडूं लागतात. त्यांत कोणी बँकेंत कारकून असतो, कोणी शाळेंत शिक्षक, कोणी कारखान्यांत इंजिनियर. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेला क्वचितच. घरीं परतल्यावर ही मंडळी आपल्याला काय सांपडलें तें लिहितात. असल्या लेखांची संख्या मराठींत आतां इतकी झाली आहे, कीं त्यांना केवळ हौशी टिपणें म्हणून सोडून देणें योग्य होणार नाहीं. तो एक वाङ्मयप्रकार झाला आहे, आणि वाङ्मयप्रकार म्हटला, कीं त्याच्या गुणदोषांची चर्चा ओघानेंच आली.

‘हौशी’ या शब्दानें कोणीं नाक मुरडूं नये. आपल्या प्रांतांतील वनस्पतींचें ज्ञान पुष्कळसें अशाच माणसांनीं गोळा केलेलें आहे. मुंबई व तिच्या आसपासच्या वनस्पतींची मोठी यादी १८३९ सालीं प्रसिद्ध झाली, तिचा कर्ता जॉन ग्रॅहॅम हा टपालखात्यांतील अधिकारी होता. काम पुरें होण्याआधींच तो वारला आणि राहिलेला भाग जोसेफ निम्मो यानें पुरा केला. माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी करणारे बर्डवुड हे हायकोर्टाचे न्यायाधीश, आणि १९०१ ते १९०८ या काळांत मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा प्रमाणग्रंथ लिहिणारे थिओडोर कुक हे मूळचे इंजिनियर. अलीकडच्या काळांतही, २००१ सालीं सह्याद्रींतील फुलांवरचें सचित्र पुस्तक ज्यांनीं सिद्ध केलें ते श्रीकांत इंगळहळीकर इंजिनियरच, आणि फुलाझाडांवर मराठींत रसाळ लिहिणाऱ्या शरदिनी डहाणूकर या डॉक्टर. तेव्हां पदवी नसणें हा या लेखकांचा दोष नव्हे. दोष निराळे आहेत.

पहिला दोष असा, कीं या लेखांत फुलापेक्षां लेखक फार असतो. पहाटेचा गजर, चुकलेली एस. टी., भिजलेले बूट, पायाला लागलेल्या जळवा, हें सर्व यथासांग झाल्यावर शेवटच्या परिच्छेदांत एकदांचें फूल येतें, आणि तें येतांच लेखक ‘तें सौंदर्य शब्दातीत होतें’ असें म्हणून निरोप घेतो. शब्दातीत म्हणजे काय? बहुतेक वेळां त्याचा अर्थ एवढाच, कीं लेखकानें तें नीट पाहिलें नाहीं. ‘सीतेची वेणी’ या आमरीचेंच उदाहरण घ्या. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके असलेलीं तिचीं फुलें एका दांड्याभोंवतीं इतकीं दाटीनें बसतात, कीं दांडा दिसतच नाहीं. आणि तो भरलेला दांडा खालीं लोंबतो म्हणून त्याला वेणी म्हणावयाचें. तिचीं जाड, राखट मुळें झाडाच्या सालीला घट्ट धरून असतात, पण झाडाचा रस शोषीत नाहींत. पावसाचें पाणी व हवेंतील ओलावा यांवर तिचें चालतें. झाड तिला फक्त बसावयास जागा देतें. बांडगूळ आणि आमरी यांत हाच मोठा भेद, आणि तो न पाहिल्यामुळें कित्येक चांगले लेखक आमरीला ‘परोपजीवी’ म्हणून मोकळे होतात. एवढें सांगावयास प्रतिभा लागत नाहीं. झाडाखालीं दहा मिनिटें मान वर करून उभें राहावें लागतें. दुर्गाबाई भागवतांचें ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचें. तें अद्यापि वाचलें जातें, याचें कारण त्यांच्या भाषावैभवाइतकेंच त्यांचें पाहणें हेंही आहे.

दुसरा दोष नांवांविषयींचा. लॅटिन नांव घातलें, कीं लेख शास्त्रीय झाला, अशी एक समजूत आहे. आणि केवळ गांवठी नांव दिलें, कीं तो रसाळ झाला, अशी दुसरी. दोन्ही अपुऱ्या आहेत. ‘व्हांडा’ हें नांव विलायती वाटतें खरें, पण झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला संस्कृतांत ‘वन्दा’ म्हणत, त्यावरूनच तें आलें. आपलाच शब्द परदेशीं जाऊन आला, आणि आपण त्याला ओळखलें नाहीं! दुसरें उदाहरण शिवनेरीच्या कड्यांवर सांपडणाऱ्या एका लहान मांसल वनस्पतीचें. तिला पांच टोंकांच्या तारेसारखें गडद तांबूस-जांभळें फूल येतें व त्यावर पिवळ्या खुणा असतात. डाल्झेल यानें तिला त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ‘फ्रेरिया’ असें नांव दिलें. मराठींत ती ‘शिंदळ माकुडी’. नागर कानाला हें नांव ग्राम्य वाटेल. परंतु तिच्या गोतांतल्या माकडशिंगीला पानें जवळजवळ नसतातच. हिला मात्र पावसाळ्यांत चांगलीं रुंद पानें फुटतात, आणि उन्हाळ्यांत तीं गळून जातात. कुळाची रीत मोडणारी म्हणून ती शिंदळ, असा माझा तर्क आहे. तर्क खरा असेल, तर ज्या कोणा गुराख्यानें हें नांव ठेविलें त्यानें त्या रोपाकडे डोळे भरून पाहिलें होतें. गव्हर्नरांच्या नांवावरून मात्र रोपाविषयीं कांहींच कळत नाहीं. लेखकानें दोन्ही नांवें द्यावीं आणि त्यांत काय सांठलें आहे तें उलगडून दाखवावें.

तिसरा मुद्दा मात्र निव्वळ वाङ्मयाचा नाहीं, आणि त्याविषयीं लिहितांना माझी लेखणी अडखळते. चांगल्या गद्याचा गुण कोणता, असें विद्यार्थ्यांनीं विचारलें, कीं मी तीस वर्षें ‘नेमकेपणा’ हेंच उत्तर देत आलों. त्याच तत्त्वाला अनुसरून बारा वर्षांपूर्वीं मीं सीतेच्या वेणीवर एक लेख लिहिला. वाटेचा फांटा, ओढ्यावरचा साकव, पलीकडचें आंब्याचें झाड, त्याची पूर्वेकडील फांदी, सर्व कांहीं नेमकें दिलें. लेखाची स्तुति झाली. पुढच्या ज्येष्ठांत मी तेथें गेलों, तों फांदीवर खरवडलेल्या सालीखेरीज कांहीं नव्हतें. वेणी कोणीं नेली हें मला ठाऊक नाहीं. वाट कोणीं दाखविली हें ठाऊक आहे.

आमरीच्या बाबतींत ही हानि सहज भरून येत नाहीं. तिच्या एका बोंडांत धुळीसारखें असंख्य बीं असतें, पण त्या बियांत अन्नाचा सांठा नसतो. योग्य जातीची बुरशी भेटली तरच तें रुजतें. ग्रॅहॅमच्या यादींत ठिकाण म्हणून पुष्कळदां ‘कोकण’ किंवा ‘खंडाळा’ एवढेंच असे. आजच्या मोबाइलच्या छायाचित्रांत अक्षांश-रेखांशही आपोआप नोंदले जाऊं शकतात. माझ्या लेखानें जें केलें, तें आतां नुसत्या चित्रानेंही होईल.

मग ठिकाण लिहूंच नये काय? कांहीं दिवस माझेंही मत तसेंच होतें. पण मी राहतों त्या करंजाड्यानें तें बदलविलें. येथें शेतांच्या जागीं सिडकोची वसाहत उभी राहिली. पलीकडे विमानतळासाठीं उलव्याची टेकडी कापली गेली आणि २०२५ सालीं तेथून विमानें उडूं लागलीं. त्या टेकडीवर श्रावणांत काय फुलत होतें? ती इतकीं वर्षें माझ्या डोळ्यांसमोर होती, पण मीं तिच्याविषयीं एक ओळही लिहिलेली नाहीं. टेकडी कापावयास निघालेल्यांना रोखण्याचें बळ माझ्या चार ओळींत असतें असें मी म्हणत नाहीं. पण नोंद नसलेल्या फुलाच्या बाजूनें साक्षही देतां येत नाहीं. ठिकाण सांगितलें तर चोर येतो, आणि न सांगितलें तर यंत्र येतें.

यांतून मार्ग आहे, आणि तो वाचक कोण हें ओळखण्यांत आहे. ठिकाण, तारीख, रोपांची संख्या ही साक्ष होय. ती मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील ब्लॅटर हर्बेरियम, पुण्याचें भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें कार्यालय अशा ठिकाणच्या जाणत्यांकडे पोंचवावी. मासिकाच्या वाचकाला फार तर तालुका सांगावा, आणि बाकीचा सर्व नेमकेपणा फुलावर खर्च करावा: तें कोणत्या झाडावर बसतें, उजेड किती घेतें, कोणता कीटक त्याच्याकडे येतो, किती दिवस टिकतें. असा लेख वाचून वाचकाला तेंच फूल सांपडणार नाहीं. पण स्वतःच्या वाटेवर दुसरें दिसलें, तर तो त्याला ओळखील.

आमच्या रविवारच्या मंडळींत या विषयावर अद्याप एकमत नाहीं. ज्यांचे लेख मला वाचावयास येतात, त्यांतील साकव आणि फांटे मी हल्लीं तांबड्या शाईनें खोडतों. कोणी रागावतो. त्याला मी माझा बारा वर्षांपूर्वींचा लेख वाचावयास देतों, आणि मग त्या आंब्याखालीं घेऊन जातों.