कृत्तिकांची मोटार

मोटारीचं परीक्षण लिहिणाऱ्याला मोटार चालवता आली पाहिजे, असा एक समज आहे. तो खरा मानला तर आपल्याकडची निम्मी नाट्यपरीक्षणं आणि जवळजवळ सगळी संगीतपरीक्षणं उद्यापासून बंद करावी लागतील. शिवाय मोटारीत चालवणारा एक आणि बसणारे चार. लोकशाहीच्या न्यायानं मत बसणाऱ्यांचं धरायला हवं. मी जन्मभर बसणाऱ्यांच्या पक्षात आहे. एस.टी.च्या मागच्या चाकावरचं बाक, टांग्याची मागची फळी, मेहुण्याच्या फियाटची मधली जागा (जिथे पाय ठेवायला एक उंचवटा असतो आणि पाय दोन असतात) असा माझा व्यासंग आहे. त्या अधिकारानं मी आज सुबारू लेगसी या मोटारीवर चार शब्द लिहिणार आहे. चाकं चार, म्हणून शब्दही चार.

प्रथम कुळाची चौकशी. आपल्याकडे स्थळ आलं की पत्रिका बघतात. या मोटारीनं स्वतःचं नक्षत्र कपाळावरच लावलेलं आहे. 'सुबारू' हे कृत्तिकांचं जपानी नाव. बॉनेटच्या टोकाला जो निळा बिल्ला आहे त्यावर सहा तारे आहेत, एक मोठा आणि पाच लहान. १९५३ साली पाच कंपन्या एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज झाली, तिची ही खूण. त्याआधी याच घराण्याची मूळ पेढी, नाकाजिमा, विमानं बनवायची. युद्ध संपलं, विमानं बनवायची बंदी आली आणि आकाशातला माणूस स्कूटर-मोटारीवर आला. आपल्याकडेही सहा कृत्तिकांनी मिळून एका कार्तिकेयाला वाढवलं. पण आपला कार्तिकेय मोरावर बसून गेला. जपान्यांनी त्याला सीटबेल्ट लावला.

लेगसी जन्माला आली १९८९ साली. मुलगी गुणी आहे हे दाखवायला आपण पोहे करायला लावतो. जपान्यांनी तिला त्याच जानेवारीत अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात एका गोल मार्गावर पळवलं. एक लाख किलोमीटर, तासाला सरासरी २२३ किलोमीटर, रात्रंदिवस, साडेअठरा दिवसांहून थोडं जास्त. विश्वविक्रम झाला. पुढे १९९३ साली कॉलिन मॅक्रेनं न्यूझीलंडची जागतिक रॅली याच मोटारीतून जिंकली. सुबारूचा त्या स्पर्धेतला तो पहिला विजय. एवढी मैदानी कारकीर्द करून ही मुलगी निमूटपणे संसाराला लागली. मुलांना शाळेत सोडणं, डिकीत भाजी भरणं, रविवारी देवळात जाणं, हाच तिचा पुढचा इतिहास. आपल्या ओळखीच्या किती जणींची हीच कथा आहे!

लेगसी म्हणजे वारसा. ऑस्ट्रेलियात मात्र ती 'लिबर्टी' या नावानं विकली गेली, कारण तिथे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांना सांभाळणारी जुनी संस्था 'लेगसी' याच नावाची आहे. तिचा मान राखायला मोटारीनं आपलं नाव बदललं. सासरी नाव बदलण्याचं इतकं सुंदर कारण मी दुसरं ऐकलेलं नाही.

आता मराठी माणसाचा पहिला प्रश्न. मोटार रोल्सरॉइस असो की रणगाडा, आपण विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" देते. अडीच लिटरचं इंजिन, १८२ घोडे. अमेरिकन सरकारच्या मोजणीनं शहरात गॅलनला २७ मैल, हमरस्त्यावर ३५, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साडेअकरा ते पंधराच्या आसपास. तुमचा चेहरा पडलेला मला दिसतो. पण ही मोटार पावणेपाच मीटरहून लांब आहे, आणि बाराही महिने चारही चाकांना जेवू घालते. खाणारी तोंडं वाढली की किराणा वाढतो, हे काय मी मध्यमवर्गाला सांगायला पाहिजे?

या मोटारीचं इंजिन आडवं पडलेलं असतं. सर्वसाधारण इंजिनात पिस्टन उभे, खाली-वर उड्या मारणारे. इथे चार पिस्टन, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे. समोरासमोरची जोडी एकाच वेळी बाहेर जाते, एकाच वेळी आत येते. साहेबाला यात मुष्टियोद्धे दिसले, म्हणून त्यानं याला 'बॉक्सर' म्हटलं. मला दिसला वारीतला टाळकरी. दोन्ही हात लांब, दोन्ही हात जवळ, आणि मधला माणूस जागचा हलत नाही. एका हाताचा झटका दुसरा हात खाऊन टाकतो, म्हणून थरथर कमी. शिवाय इंजिन बसकं असल्यामुळे मोटारीचा भार जमिनीलगत राहतो आणि वळणावर ती कमी कलते. दोष सांगायचा तर आडव्या माणसाची सेवा करणं कठीण. स्पार्क प्लग बदलायचा तर मेकॅनिकला कुशीवरून हात घालावा लागतो. आणि १९९० नंतरच्या काही वर्षांतल्या अडीच लिटरच्या इंजिनांचं हेड गॅस्केट गळतं, ही गोष्ट गावभर झाली होती. पुढे नवं इंजिन आलं आणि ती चर्चा ओसरली. गावची चर्चा गॅस्केटपेक्षा जास्त टिकते एवढंच.

आणि आता मुख्य गुण: चारही चाकांना ताकद. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती मोटारी पुढच्या दोन चाकांवर चालतात. त्या बिचाऱ्यांनी ओढायचंही आणि वळायचंही. मागची दोन चाकं सोयऱ्यासारखी नुसती मागून येतात. एका टायरची जमिनीवरची पकड ठरलेली असते. ती ओढण्यात संपली की वळायला उरत नाही. लेगसीत इंजिन लांबीच्या बाजूनं, त्याच्या पाठीशी गिअरबॉक्स आणि तिथून सरळ दांडा मागच्या चाकांकडे. डावं-उजवं सारखं. ओढायचं काम चौघांत वाटलं जातं. पालखीला दोन खांदेकरी लागले तर धाप लागते, चार लागले तर अभंग म्हणता येतो. जीपमध्ये यासाठी दुसरा दांडा ओढावा लागायचा, चिखल दिसल्यावर. इथे ओढायचं काही नाही. १९९६ पासून अमेरिकेत ही कंपनी लेगसी अशीच विके. दोन चाकांची स्वस्त आवृत्ती मिळणार नाही म्हणजे नाही.

मात्र हे एकत्र कुटुंब आहे, आणि एकत्र कुटुंबाचे नियम इथेही लागू. चारही टायर सारखेच झिजलेले हवेत. एकाचा घेर कमी-जास्त झाला की मधली यंत्रणा दिवसभर त्यांची भांडणं सोडवत गरम होते. म्हणून एक टायर कायमचा कामातून गेला तर पुष्कळदा चारही घ्यावे लागतात. धाकट्याला सदरा घेतला की चौघांना घ्यायचा, ही पद्धत आपल्या आजीची. ती जपानला कशी पोचली कोण जाणे.

या गुणाची परीक्षा पुण्याच्या रस्त्यावर होत नाही. ती मी पाहिली अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात, भाच्याच्या घरी. तिथे जानेवारीत रस्ता नसतो, रस्त्याची आठवण असते. घर टेकडीवर, रात्रभर बर्फ पडलेलं. मी म्हटलं, "अरे, उद्या जाऊ." तो म्हणाला, "मामा, बसा तुम्ही." आणि ती मोटार चढ चढली; दूधवाला जिना चढतो तशी, रोजचं काम असल्यासारखी. मी तोंडभरून कौतुक केलं. मागून भाचेसून म्हणाली, "मामा, खरं कौतुक उतरताना करा." उतरताना भाचा बैलगाडीच्या वेगानं आला. मी कारण विचारलं. तो म्हणाला, "चढायला चार चाकं मदत करतात, मामा. थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. म्हणून तर दर नोव्हेंबरला बर्फाचे टायर घालतो. पहिल्या बर्फाला खड्ड्यात गेलेल्या गाड्या बघा, निम्म्या फोर व्हीलवाल्यांच्या असतात."

हे वाक्य कुठल्याही जाहिरातीत नाही, आणि या मोटारीबद्दल सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. चार चाकांची ताकद तुम्हाला घसरड्या रस्त्यावर निघायचं धैर्य देते. थांबायची शक्ती देत नाही. दोन चाकांची मोटार जागच्या जागी भिरभिरते आणि सांगते, "साहेब, आज घरी बसा." ही तक्रार करत नाही. पोटच्या पोरांना घेऊन निघालेल्या माणसाला कधी कधी तक्रार करणारी मोटार जास्त हिताची असते. घरातही कुरकुर करणाऱ्या माणसाची किंमत आपल्याला उशिरा कळते.

बाकीचे गुण भराभर. गिअरबॉक्समध्ये गिअरच नाहीत. दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारी साखळी. पुल्या लहान-मोठ्या होतात आणि वेग बदलतो. झटका नाही, पण पॅडल जोरात दाबलं की इंजिन एकच सूर धरतं, हार्मोनियमवाल्यानं पट्टीवर बोट ठेवून झोपी जावं तसं. ज्यांना चैन पडत नाही त्यांच्यासाठी वरच्या मॉडेलांत आठ खोटे गिअर दिलेले आहेत. बाळाला खुळखुळा द्यावा तसे. आरशाजवळ दोन कॅमेरे असतात, माणसाच्या डोळ्यांसारखे. पुढची गाडी अचानक थांबली तर ते स्वतः ब्रेक लावतात. हे मला मनापासून आवडलं. आणखी एक कॅमेरा चालवणाऱ्याचं तोंड बघतो आणि नजर ढळली की टोकतो. विवाहित माणसासाठी ही दुहेरी सोय आहे. पण मधल्या मोठ्या पडद्याच्या पोटात सीट गरम करायची कळ दडवणं हा मात्र शुद्ध आचरटपणा. हात गारठलेला असताना मोज्यानं चित्र चेपायचं, आणि नजर ढळली म्हणून बोलणी खायची!

इतकं सगळं करून लेगसी संपली. २०२४ साली कंपनीनं जाहीर केलं आणि २०२५ चं मॉडेल हे शेवटचं ठरलं. जपानातली विक्री २०२० सालीच थांबली होती. मारलं कोणी? घरातल्याच भावंडानं. १९९०च्या दशकाच्या मध्यावर याच लेगसीच्या स्टेशन वॅगनला जरा उंच करून, अंगावर रांगडे पट्टे चढवून 'आउटबॅक' नावानं विकायला काढलं. इंजिन तेच, चाकांची ताकद तीच, फक्त जमिनीपासूनची उंची वाढली. लोकांनी तिच्यावर उड्या टाकल्या. उंच बसलं की रस्ता आपल्या मालकीचा वाटतो. किराणा आणायला जाणाऱ्या माणसाला जंगलात जाण्याची शक्यता विकली गेली, आणि ती त्यानं घेतली. लेगसीनं काय देऊ केलं होतं? बसकं इंजिन, कमी कलणारी वळणं, आणि वर्षातून पंधरा दिवस लागणारा एक न दिसणारा गुण.

माझं मत विचाराल तर गाडी उत्तम. फक्त तिला मिरवता आलं नाही. जुनी मिळाली तर घ्यावी, टायर चारही एकदम बदलावेत, चढावर तिच्यावर विश्वास ठेवावा आणि उतारावर स्वतःवर. आणि कोणी उंच गाडीतून खाली बघून विचारलंच, की हिच्यात विशेष काय, तर बर्फ पडेपर्यंत थांबायला सांगावं.