‘चपळ’ आणि ‘डोकेबाज’ : कबड्डीतील चढाईपटूच्या वर्णनभाषेची चिकित्सा

मराठी समीक्षेने क्रीडाविषयक लेखनाची दखल क्वचितच घेतली आहे. वृत्तपत्रातील सामन्याचे वृत्त, समालोचन, महाविद्यालयीन वार्षिकांकातील क्रीडा अहवाल हे लेखन तात्कालिक मानले जाते आणि म्हणून त्याच्या भाषेची तपासणी होत नाही. वास्तविक, खेळाडूविषयीचे आपले मत अशाच भाषेतून घडत असते. प्रस्तुत लेखात ‘चपळ’ आणि ‘डोकेबाज’ या दोन विशेषणांचा विचार करावयाचा आहे. ही विशेषणे कोणाच्या वाट्याला येतात आणि त्यामुळे काय घडते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

या लेखाचे निमित्त व्यक्तिगत आहे. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन कबड्डी सामन्याचा अहवाल मी वार्षिकांकासाठी लिहिला होता. विक्रमगडच्या बाजूच्या पाड्यावरून येणाऱ्या एका आदिवासी विद्यार्थ्याने अखेरच्या तिसऱ्या चढाईत गुण मिळवून सामना फिरविला. त्याच्याविषयी मी ‘हरणाच्या चपळाईने’ असे लिहिले. बोईसर शहरातील आमच्या कर्णधाराविषयी ‘डोकेबाज खेळ’ असे लिहिले. अंक प्रसिद्ध झाल्यावर तो विद्यार्थी भेटला आणि संकोचत म्हणाला, “सर, मी पळालो नव्हतो. मी थांबलो होतो.” त्याचे म्हणणे खरे होते. निदान रेषेजवळ तो पंधरा-सोळा सेकंद जवळजवळ जागीच उभा राहिला. डाव्या कोपरारक्षकाने घोटा पकडण्यासाठी पुढच्या पायावर भार टाकेपर्यंत त्याने वाट पाहिली, मग पायाच्या बोटाने स्पर्श केला आणि तो परतला. त्या चढाईत वेग होता तो शेवटच्या क्षणाचा. मी मात्र ती सारीच वेगाच्या खात्यावर मांडली होती. प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट लिहिताना अशी का बदलली, याचा विचार करीत असता एका दूरच्या खेळातील वादाशी माझा परिचय झाला.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा परिचित नाही. २०१२ च्या सुमारास एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता, हीही गोष्ट बहुतेकांच्या विस्मरणात गेली असेल. या खेळात क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. चेंडू हाती येताच तो काही पावले मागे येतो. त्याचे पाच धिप्पाड साथीदार प्रतिस्पर्ध्यांना अडवून त्याच्याभोवती एक संरक्षित कोंदण तयार करतात. त्यास ‘पॉकेट’ म्हणतात. हे कोंदण जेमतेम दोन-तीन सेकंद टिकते. तेवढ्या अवधीत प्रतिपक्षाची मांडणी वाचून चेंडू कोणाकडे फेकावयाचा ते त्याने ठरवावयाचे असते. कोंदणात पाय रोवून फेक करणारा तो ‘पॉकेट पासर’, आणि कोंदण मोडताच, कधी त्याआधीच, बाहेर पडून स्वतः धावणारा तो ‘मोबाइल क्वार्टरबॅक’. या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद आहे. पहिला विचारी, दुसरा उपजत गुणांवर खेळणारा, अशी त्याची रूढ मांडणी असते.

वरवर पाहता ही मांडणी तांत्रिक आहे. परंतु तिचा इतिहास पाहिल्यास दुसरीच गोष्ट दिसते. वॉरन मून हा कृष्णवर्णीय खेळाडू जानेवारी १९७८ मधील रोझ बोल सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. त्याच वर्षीच्या निवडप्रक्रियेत एनएफएलमधील एकाही संघाने त्याला घेतले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटन संघाकडून त्याने सलग पाच ग्रे कप जिंकले आणि १९८४ मध्ये परतला. मून हा मुख्यतः फेक करणारा खेळाडू होता. डग विल्यम्स हाही तसाच, कोंदणात उभा राहणारा. जानेवारी १९८८ मध्ये सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. त्या सामन्याच्या केवळ दुसऱ्या सत्रात त्याच्या फेकींवर चार टचडाउन झाले. याउलट फ्रान टार्केन्टन हा श्वेतवर्णीय खेळाडू कोंदणाबाहेर धावण्यासाठीच प्रसिद्ध होता. सूत्रधार म्हणून त्याच्या पात्रतेवर त्याच्या वर्णामुळे कोणी शंका घेतली नाही. म्हणजे धावणारा आणि विचार करणारा ही विभागणी पायांकडे पाहून होत नव्हती. कोण विचार करू शकतो, याचा निर्णय आधीच झालेला होता.

हा केवळ जुना इतिहास नव्हे. २०१८ मध्ये लमार जॅक्सनने क्वार्टरबॅकची जागा सोडून चेंडू झेलणारा खेळाडू व्हावे, असे मत बिल पोलियन या अनुभवी माजी व्यवस्थापकाने जाहीरपणे व्यक्त केले होते. जॅक्सनची निवड त्या वर्षी बत्तिसाव्या क्रमांकावर झाली. २०१९ च्या हंगामात त्याने धावून १,२०६ यार्ड मिळविले, हे सर्वांना अपेक्षितच होते. पण त्याच हंगामात टचडाउनच्या सर्वाधिक, म्हणजे ३६, फेकीही त्याच्याच होत्या. हंगामातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची एकमताने निवड झाली आणि पोलियन यांनी आपली चूक मान्य केली. दुसऱ्या टोकाला टॉम ब्रॅडी. निवडप्रक्रियेत १९९ व्या क्रमांकावर घेतला गेलेला, धावण्यात मंद, सात सुपर बोल जिंकणारा आणि पॉकेट पासरचा आदर्श मानला गेलेला. त्याचा खेळ नीट पाहिला तर तोही स्थिर नव्हता. कोंदणातल्या कोंदणात अर्धे पाऊल डावीकडे, अर्धे पुढे, अशी त्याची सततची हालचाल असे. ती नजरेत भरत नाही, म्हणून तिला हालचाल म्हणत नाहीत, इतकेच.

आता कबड्डीकडे वळू. चढाईपटूला कोंदण नसते. तो प्रतिपक्षाच्या अंगणात एकटाच असतो. समोर सातजण, हाती तीस सेकंद आणि मुखी अखंड ‘कबड्डी’चा दम. चढाई वैध ठरण्यासाठी त्याला मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरील निदान रेषा ओलांडावी लागते. तिच्यापुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच तेथे गुण मिळतो, तोही दुसरा पाय अधांतरी असेल तर. दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. या नियमांच्या चौकटीत वेग आणि वाचन वेगळे काढताच येत नाहीत. अनुपकुमारचे उदाहरण घ्यावे. २०१५ मध्ये यू मुंबाला प्रो कबड्डीचे विजेतेपद आणि २०१६ मध्ये अहमदाबादला भारताला विश्वचषक मिळवून देणारा हा कर्णधार ‘कॅप्टन कूल’ म्हणून ओळखला गेला. त्याचा हुकमी गुण बोनसचा होता आणि बोनस म्हणजे निव्वळ पदलालित्य. तरीही त्याची कीर्ती शांत डोक्याची. परदीप नरवालच्या ‘डुबकी’विषयी मात्र शरीराच्या लवचिकतेपलीकडे क्वचितच बोलले जाते. साखळीतील कोणत्या दोघांचे हात किंचित उंच आहेत, हे कळल्याखेरीज त्यांच्याखालून निसटता येणार नाही. २०१७ च्या हंगामात ३६९ गुण लवचिकतेवर मिळत नाहीत. (हे दोघेही हरियाणाचे, तेव्हा येथे प्रादेशिक अभिमानाचा प्रश्न नाही.)

पालघर जिल्ह्यात या विशेषणांना वेगळा अर्थ येतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. किनाऱ्यावरील गावे, बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीचा डोंगराळ पट्टा येथील मुले महाविद्यालयात एकाच मैदानावर येतात. वारली किंवा कातकरी मुलगा चांगला खेळला की ‘जात्याच काटक’, ‘रानातली चपळाई’ हे शब्द आपोआप लेखणीत उतरतात. हेतू स्तुतीचाच असतो. पण या स्तुतीने त्याच्या सरावाचे आणि निर्णयाचे श्रेय डोंगराला जाते. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे त्यांचे बिरुद प्रेमाचे आहे, याविषयी शंका नाही. परंतु पंचवीस फेऱ्यांच्या शर्यतीत कोणत्या फेरीत दम राखावा आणि कोणत्या फेरीत सोडावा हे गणित असते. प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली नाशिकमध्ये त्यांनी घेतलेल्या दीर्घ मेहनतीचे वर्णन करावयास ‘एक्स्प्रेस’ हा शब्द अपुरा पडतो. एक्स्प्रेसला कोठे थांबावे हे ठरवावे लागत नाही. ते वेळापत्रकात असते.

येथे एक आक्षेप संभवतो. अमेरिकेतील वर्णभेद आणि आपल्याकडील आदिवासींची स्थिती यांची अशी सरळ तुलना करता येईल काय? करता येणार नाही, हे मान्य आहे. दोहोंचा इतिहास भिन्न आहे. डोंगर चढून शाळेत जाणाऱ्या मुलाचे पाय खरोखर बळकट असतात, हेही नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप शारीरिक गुणाच्या स्तुतीला नसून ती तेथेच थांबते याला आहे. ‘चपळ’ म्हटलेल्या मुलाला आपण चढाईला पाठवितो. डावपेच ठरविताना, कर्णधार निवडताना आपल्याला दुसरी नावे आठवतात. तेथील व्यवस्थापकांना जॅक्सन चेंडू झेलणारा म्हणून चालला असता, सूत्रधार म्हणून त्याच्याविषयी शंका होती. शब्द वेगळे, सवय तीच.

आपल्या निवडचाचण्यांतही हीच सवय मुरली आहे. शंभर मीटरची धाव, शटल रन, उभी उडी यांची नोंद सेकंदांत आणि सेंटिमीटरांत होते. बचावपटूने भार कोणत्या पायावर घेतला हे चढाईपटूला दिसले की नाही, याची नोंद घेणारा रकाना मी पाहिलेल्या कोणत्याही तक्त्यात नव्हता. तो तयार करणे फार अवघड आहे असे मला वाटत नाही. चढाईचे चित्रीकरण स्पर्शाच्या क्षणाआधी थांबवावे आणि चढाईपटूला पुढे काय दिसत होते ते विचारावे. माझ्या विद्यार्थ्याने ते न विचारताच सांगितले होते.

पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याच विद्यार्थ्याच्या एका चढाईचे वर्णन मी सविस्तर केले : तो कोठे उभा राहिला, किती वेळ थांबला, कोणाच्या पायाकडे पाहत होता. मजकूर लांबला म्हणून संपादक मंडळाने तो परिच्छेद गाळला. छायाचित्र मात्र छापले आणि त्याखाली ओळ दिली, ‘आमचा चपळ चढाईपटू’.