‘ड्रेस’ म्हणजे पोशाख नव्हे

‘ड्रेस’चा मराठी अर्थ विचारला की पुस्तकी उत्तर ठरलेलं असतं: पोशाख. इंग्रजी शिकताना ते चालतं. पण हा शब्द आपण मराठीत जसा वापरतो, त्याला हे उत्तर लागू पडत नाही. माझा विषय विज्ञान आहे, भाषाशास्त्र नाही. पण तपासायची रीत तीच. व्याख्या घ्यायची आणि ती कुठं मोडते ते बघायचं.

देगलूरच्या कुठल्याही कापड दुकानात एखादी बाई ‘ड्रेस दाखवा’ म्हणाली, तर दुकानदार साडी काढत नाही. सलवार-कमीज काढतो, नाहीतर ड्रेस मटेरियलचा गठ्ठा. लेकरासाठी मागितला तर शर्ट-पँटचा जोडसुद्धा ‘ड्रेस’ होतो. शाळेचा गणवेश ड्रेस, पोलिसाची वर्दीही ड्रेस. पण तोच पोलीस घरी येऊन शर्ट-पँट घालतो, तेव्हा तो ‘साध्या कपड्यात’ असतो. धोतर-सदऱ्याला तर ड्रेस कुणीच म्हणत नाही. मग पोशाख कुठं राहिला?

अजून एक गंमत बघा. आजच्या इंग्रजीत बाईचा ‘ड्रेस’ म्हणजे वरून खालपर्यंत सलग एकच कपडा. आपला ड्रेस म्हणजे संच: टॉप, बॉटम, ओढणी. ‘ड्रेस’ हे नाव संचानं अडवून ठेवल्यामुळं खऱ्या इंग्रजी ड्रेसला आपल्याला वेगळं नाव शोधावं लागलं: वन पीस!

‘म्हणजे आपलं इंग्रजी चुकीचं,’ असं काहीजण म्हणतील. पण मूळ अर्थच खरा धरायचा, तर इंग्रजांचंही चुकलंच की. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तिथं तो क्रियापद होता, अर्थ नीट करणे, सज्ज करणे. मुळाशी लॅटिनमधला ‘सरळ’ आहे. जखमेचं ड्रेसिंग त्या अर्थाच्या जास्त जवळ आहे.

मग अर्थ ठरतो कशावरून? व्होल्टेज आठवा. एका बिंदूचं व्होल्टेज एकट्यानं सांगता येत नाही. दुसरा बिंदू शून्य धरावा लागतो. शब्दांचंही तसंच, हे फेर्दिनां द सोस्यूर यांच्या 1916 साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या व्याख्यानांत आहे. फ्रेंचमध्ये मेंढी आणि तिचं मांस यांना एकच शब्द, इंग्रजीत दोन. म्हणून इंग्रजी ‘मटण’ची किंमत त्या फ्रेंच शब्दाएवढी होत नाही, कारण त्याच्या शेजारी दुसरा शब्द उभा आहे.

मोठ्या बाईच्या बाबतीत आपल्या ‘ड्रेस’च्या शेजारी साडी उभी आहे. व्याकरणातसुद्धा भिंत आहे: साडी नेसतात, ड्रेस घालतात. आता आपल्याकडं नेहमी ऐकू येणारा प्रश्न घ्या: ‘तुमची सून ड्रेस घालायलीय का?’ इथं ‘ड्रेस’ काढून ‘पोशाख’ ठेवून बघा. प्रश्न हास्यास्पद होतो. कारण तो कपड्याबद्दल नाहीच, परवानगीबद्दल आहे. साडी शून्यावर धरलेली आहे, आणि ड्रेस म्हणजे त्यापासून सुनेनं टाकलेलं, किंवा सासरनं टाकू दिलेलं, पाऊल.

शब्दकोशाची चूक इथं महागात पडते. 15 मार्च 2024 चा शिक्षकांच्या पेहरावाबद्दलचा शासन निर्णय घ्या. बातम्यांनी त्याला ‘ड्रेस कोड’ म्हटलं. म्हणजे शब्दकोशातला सर्वसाधारण अर्थ फक्त अशा जोडशब्दात उरलाय. निर्णयात शिक्षिकांसाठी साडी, अथवा सलवार किंवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा असं दिलंय. कागदावर दोन्ही बाजू सारख्या. पण स्टाफरूममध्ये पोचेपर्यंत त्या सारख्या राहत नाहीत. ‘आज ड्रेसवर?’ असं विचारलं जातं. ‘आज साडीवर?’ असंही विचारतात, पण ते कौतुकानं. त्याचं कारण द्यावं लागत नाही. शर्ट-पँटवाल्या सरांना तर दोन्ही प्रश्न नाहीत, कारण त्यांच्या कपड्याशेजारी शून्यावर दुसरं काही धरलेलंच नाही.

तेव्हा नव्यानं रुजू झालेल्या मॅडमना कुणी ‘उद्यापासून ड्रेस नको’ म्हणालं, तर त्यांनी नियमातली ओळ दाखवायला मागावी. कागदावर ‘अथवा’ आहे. ‘नको’ आपण बोलताना घातलेलं आहे.