संग्रहालयाचे संकेतस्थळ, खेळाचे नियम आणि अजाईल पद्धती : एक चिकित्सा

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञांनी एकत्र येऊन एक छोटा जाहीरनामा तयार केला. संपूर्ण आराखडा आधी निश्चित करून मग वर्षभराने तयार वस्तू हाती देण्याऐवजी दोन-तीन आठवड्यांच्या टप्प्यांत थोडे करावे, वापरणाऱ्यांपुढे ठेवावे आणि त्यांच्या प्रतिसादानुसार पुढचा टप्पा ठरवावा, अशा कार्यपद्धतींना या जाहीरनाम्यातून ‘अजाईल’ हे नाव मिळाले. संग्रहालयाचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. तेथे एकदा केलेली नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकावी अशी अपेक्षा असते. या दोहोंची गाठ संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पडली आणि खेळ हे तिचे लाडके रूप ठरले. अशा खेळांमुळे संग्रहालय ‘जिवंत’ होते, असे वारंवार म्हटले जाते. प्रस्तुत लेखकास हे विधान अपुरे वाटते. खेळाचा नियम हीच संग्रहालयाची ज्ञानविषयक भूमिका असते आणि तो नियम कोण ठरवतो याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, हा येथील मुख्य मुद्दा आहे.

या खेळांमागील गरज खरी होती. २००५ च्या सुमारास काही अमेरिकी कलासंग्रहालयांनी ‘स्टीव्ह’ हा प्रकल्प हाती घेतला आणि चित्रे पाहून सुचतील ते शब्द लिहिण्यास सामान्य प्रेक्षकांना सांगितले. आलेल्या शब्दांपैकी सुमारे ८६ टक्के शब्द संग्रहालयांच्या स्वतःच्या नोंदींत नव्हते. तज्ज्ञ शैली आणि कालखंड नोंदवतो, तर प्रेक्षक ‘घोडा’ किंवा ‘पाऊस’ शोधतो, असा हा भेद आहे.

शब्द गोळा करण्याच्या खेळाचा नमुना लुईस फॉन आन यांच्या ‘ईएसपी गेम’ने त्याआधीच घालून दिला होता. परस्परांस अनोळखी असलेल्या दोन खेळाडूंना एकच चित्र दाखवायचे. दोघांनी एकच शब्द लिहिला की गुण. युक्ती चतुर आहे, कारण दोघांचे एकमत हीच शब्दाच्या अचूकतेची खूण मानता येते. परंतु एकमत बहुधा सर्वांत सोप्या शब्दावर होते. वारंवार येणारे शब्द त्या खेळात पुढे निषिद्ध ठरवावे लागले, यातच हा दोष दिसून येतो. संग्रहालयात हा दोष अधिक गंभीर होतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाय घासण्याच्या कलात्मक वजऱ्या आहेत. मोराच्या आकाराच्या वजरीचे छायाचित्र अशा खेळात ठेवले, तर दोन तरुण खेळाडू ‘मोर’ लिहून गुण घेतील. शेजारी बसलेली आजी ‘वजरी’ लिहील आणि तिला शून्य मिळेल. वास्तविक त्या खेळातून संग्रहालयाला मिळालेला एकमेव मोलाचा शब्द तिचाच असतो.

ब्रुकलिन संग्रहालयाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. त्याने २००८ मध्ये ‘टॅग! यू आर इट!’ हा शब्द जोडण्याचा खेळ सुरू केला. पुढच्या वर्षी ‘फ्रीझ टॅग!’ आला. कोणी शंका घेतलेला शब्द ठेवावा की काढावा, यावर त्यात खेळाडूंनी मत द्यायचे होते. संख्येला बक्षीस देणाऱ्या खेळामागोमाग शंकेचा खेळ यावा, हे टप्प्याटप्प्याने शिकण्याचे चांगले उदाहरण म्हणावे लागेल. मात्र शंकेचा निवाडाही मतसंख्येनेच व्हायचा, आणि वजरीचा प्रश्न तेथे पुन्हा जसाच्या तसा उभा राहतो. २०१४ मध्ये संग्रहालयाने हे दोन्ही खेळ बंद केले. याला अपयश समजण्याचे कारण नाही. चालत नसलेली गोष्ट जाहीरपणे थांबवणे हा या पद्धतीचा सर्वांत दुर्मीळ गुण आहे. आपल्याकडे मृत संकेतस्थळेही वर्षानुवर्षे ‘चालू’ असतात.

अजाईल पद्धतीची मर्यादा मात्र इथेच लक्षात घ्यावी लागते. दोन आठवड्यांच्या टप्प्याअखेर किती लोक खेळले, किती वेळ रमले, किती शब्द आले, एवढेच मोजता येते. एखाद्या शब्दामुळे संशोधकाला हवी ती वस्तू सापडली का, हे कळायला वर्षे लागतात. जे लवकर मोजता येते तेच पुढचा टप्पा ठरवू लागले, तर खेळ उत्तरोत्तर रंजक होत जातो आणि नोंद आहे तेथेच राहते. या पद्धतीत कामांचा अग्रक्रम ठरवणारी एक जबाबदार व्यक्ती असते. संग्रहालयात ती व्यक्ती प्रसिद्धी विभागातील असावी की अभिरक्षक असावी, हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय वाटला तरी खेळाचा नियम कोणाच्या हाती राहणार, याचे उत्तर त्यावरच अवलंबून असते.

आपल्याकडील अडचण आणखी आधी सुरू होते. निविदेत तपशील आगाऊ गोठवले जातात, काम ‘पूर्ण’ झाल्यावर देयक निघते आणि दुसऱ्या टप्प्यासाठी लेखाशीर्षच नसते. नॅकच्या भेटीपूर्वी घाईने सजवलेली महाविद्यालयीन संकेतस्थळे पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेल्या ‘जतन’ प्रणालीमुळे राष्ट्रीय संग्रहालयांच्या नोंदी समान चौकटीत येऊ लागल्या, ही मोठीच प्रगती होय. तथापि चौकट अभिरक्षकाची असते. प्रेक्षकाचा शब्द तेथवर पोहोचण्यास निराळी वाट लागते.

ती वाट शोधण्यास संगणकही प्रथम लागत नाही. वीस वस्तूंची छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून मराठी व संगणकशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांनी ती एका दुपारी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवावीत. एका गटाला जुळणाऱ्या शब्दासाठी गुण द्यावेत. दुसऱ्या गटाला इतर कोणालाही न सुचलेल्या, पण वस्तू कशी वापरतात हे सांगून समर्थन करता येईल अशा शब्दासाठी. दोन याद्या शेजारी ठेवल्या की कोणता नियम काय गमावतो ते दिसेल, आणि निविदा काढायची झाली तर ती त्यानंतर काढता येईल.