मोजा वर राहायचा कसा? गार्टर, सस्पेंडर आणि एका चांगल्या पुस्तकाची अडचण

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं: 'विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल गार्टरची जागा सस्पेंडरने घेतली.' गाईड मॅडमनी त्याच्या बाजूला पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले. 'कोणाच्या पायावर?'

खरं सांगते, दोन दिवस चिडचिड झाली. माझा विषय जुन्या इलॅस्टिक पट्ट्यांमधलं रबर जीर्ण कसं होतं हा. कोणाच्या पायावर काय होतं याच्याशी मला काय देणंघेणं? शिवाय ते वाक्य मी काही मनाने लिहिलं नव्हतं. या विषयात सगळे ज्याचा आधार घेतात त्या पुस्तकावरून, आणि त्याला जोड म्हणून चाळलेल्या कॅटलॉगवरून माझं असं मत झालं होतं. ते पुस्तक म्हणजे सी. विलेट कनिंग्टन आणि फिलिस कनिंग्टन यांचा १९५१ साली लंडनमध्ये निघालेला 'द हिस्टरी ऑफ अंडरक्लोद्स'. आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. पुस्तक वाईट आहे म्हणून नाही. चांगलं आहे, आणि चांगल्या पुस्तकांमुळे आपण जास्त फसतो.

आधी वस्तू समजून घेऊ. १९००च्या आसपास इंग्लंड-अमेरिकेत बाई असो, लहान मुलगी असो की अर्ध्या चड्डीतला मुलगा, पायात गुडघ्याच्या वर जाणारे लांब मोजे असायचे. सुती, लोकरी, परवडलं तर रेशमी. त्या विणीत आजच्यासारखा ताणला जाऊन परत येणारा धागा नव्हता. चार पावलं चाललं की मोजा घसरायला लागायचा. ज्यांच्या शाळेच्या मोज्यांचं इलॅस्टिक जूनमध्ये ठीक आणि दिवाळीपर्यंत ढिलं व्हायचं, त्यांना हे समजावून सांगायला नको. आम्ही वरून रबरबँड चढवायचो आणि संध्याकाळी पायावर लाल वळ उठलेला असायचा. तो रबरबँड म्हणजे गोल गार्टरच.

दुसरा उपाय म्हणजे मोजा वरून लटकवणं. कमरेच्या पट्ट्याला, कॉर्सेटला किंवा मुलांच्या बंडीला इलॅस्टिकची पट्टी, आणि तिच्या टोकाला चाप. मोज्याच्या कापडामागून रबराचं किंवा रबर लावलेलं बटण दाबायचं, पुढून तारेची कडी त्याच्यावर सरकवायची. कापड दोघांच्या मध्ये अडकतं, फाटत नाही. पुरुषांचे मोजे आखूड, त्यामुळे त्यांचा पट्टा पोटरीवर बसायचा आणि त्याला एक छोटी पट्टी लोंबायची.

आता पुस्तक. कनिंग्टन पती-पत्नी दोघंही डॉक्टर. त्यांनी जमवलेला कपड्यांचा संग्रह १९४७ साली मँचेस्टरने घेतला आणि प्लॅट हॉलमध्ये त्याचं संग्रहालय झालं. म्हणजे हे नुसते पुस्तकी लोक नव्हते, कपडा हातात घेऊन बघणारे होते. ते प्रस्तावनेत अंतर्वस्त्रांची कामं सांगतात: थंडीपासून बचाव, वरच्या पोशाखाला आकार, स्वच्छता, कामुक आकर्षण आणि वर्गभेद दाखवणं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही यादी फार आवडली होती. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वर्गीकरण दिसलं की बरं वाटतंच.

पण गार्टर या यादीत कुठे बसवाल? तो ऊब देत नाही. झग्याला आकार देत नाही. घाम टिपत नाही. रेशमी, फीत लावलेला असेल तर आकर्षणाच्या खात्यात जाईल, पण कारखान्यात जाणाऱ्या मुलीच्या पायावरच्या सुती पट्टीचं काय? त्याचं काम एकच, दुसऱ्या कपड्याला जागेवर धरून ठेवणं. आपल्याकडची नाडी तेच करते. पोशाखाचा इतिहास लिहिताना नाडीला स्वतंत्र प्रकरण कोणी देत नाही, आणि नाडी तुटली तर मात्र सगळा पोशाख अडतो. वर्गीकरणात न बसणारी वस्तू मग दोनच रूपांत उरते: कॉर्सेटचा एक भाग म्हणून, किंवा शृंगाराची गोष्ट म्हणून. रोजच्या वापराची वस्तू म्हणून ती निसटते.

निसटल्यामुळे काय बिघडतं? एक उदाहरण देते. १९००च्या सुमारास पुढून सरळ असणारा लांब कॉर्सेट आला आणि त्याच्या पुढच्या काठाला सस्पेंडर जोडलेले असायचे. आपण म्हणतो कॉर्सेटने मोजा वर धरला. बरोबर. पण बाई खाली बसली की लांब कॉर्सेट वर सरकायला बघतो, आणि त्याला खाली ओढून धरणारं काय आहे? तेच सस्पेंडर, आणि त्यांच्या टोकाला ताणलेला मोजा. बल दोन्हीकडे सारखंच. 'मोजा वर ठेवण्याचं साधन' असं नाव दिलं की निम्मं काम दिसतच नाही.

दुसरी गोष्ट आरोग्याची. गोल गार्टरने रक्त अडतं, शिरा फुगतात, असं त्या काळात वारंवार सांगितलं जायचं, आणि सपोर्टर विकणाऱ्यांना ते सोयीचंच होतं. हा दावा आपण तपासू शकतो. गुडघ्याखाली पायाचा घेर ३५ सेंटिमीटर धरा, म्हणजे त्रिज्या साधारण ५.६. पट्टा २.५ सेंटिमीटर रुंद. इलॅस्टिकचा ताण ५ न्यूटन, म्हणजे अर्धा किलो टांगल्यासारखा. हा आकडा मी गृहीत धरलेला आहे. त्वचेवरचा दाब म्हणजे ताण भागिले रुंदी गुणिले त्रिज्या. उत्तर येतं सुमारे ३६०० पास्कल, म्हणजे पाऱ्याचे २७ मिलिमीटर.

माणूस स्थिर उभा असताना गुडघ्याखालच्या शिरेतला दाब नुसत्या रक्ताच्या उंचीमुळेच साठ-पासष्टच्या घरात असतो. तिथे २७ने शीर बंद होणार नाही. बसल्यावर तो तीस-पस्तीसवर येतो, चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात म्हणून तोही बराच उतरतो. म्हणजे मामला अगदी काठावरचा. डॉक्टर मूर्ख नव्हते, आणि जाहिरातवाल्यांची भीतीही पूर्ण खरी नव्हती. सगळं त्या ताणाच्या आकड्यावर अवलंबून आहे, आणि तो आकडा जाहिरातीत कधीच नसतो.

तेवढा ताण लागतो तरी कशाला? पट्टा पायाला एकूण जेवढं आत दाबतो ते बल ताणाच्या सव्वासहा पट, म्हणजे इथे ३१ न्यूटन. घर्षणांक ०.३ धरला तर तो नऊ न्यूटनपर्यंतची ओढ सहन करतो. पन्नास ग्रॅमच्या मोज्याचं वजन अर्धा न्यूटन. जवळपास वीसपट जास्त! कारण मोजा वजनाने घसरत नाही; गुडघा वाकतो तेव्हा कापड ओढलं जातं, त्याने घसरतो. (हे गणित घरी करून बघा, ताण बदलून. मी पहिल्यांदा त्रिज्येऐवजी व्यास घातला होता.)

इथे मॅडमचा प्रश्न पहिल्यांदा नीट समजला. इलॅस्टिक नवं असतं तेव्हा ताण ठरलेला. जुनं झालं की ढिलं. ज्याला नवं घेणं परवडत नाही तो गाठ मारतो किंवा फीत, दोरी बांधतो. दोरी ताणली जात नाही, तिचा दाब बांधणाऱ्याच्या हातावर. म्हणजे ज्या पायांवर सगळ्यात जास्त वळ उठले असतील, ते पाय कॅटलॉगमध्ये नाहीत.

कनिंग्टनांच्या पुस्तकाची प्रकरणं कालखंडांनुसार आहेत. अशा रचनेत 'या काळात नवं काय आलं' हेच ठळक होतं. चालू राहिलेलं, उरलेलं, दुरुस्त केलेलं मागे पडतं. आणि 'आलं' चा वाचकाच्या डोक्यात 'जुनं गेलं' असा अर्थ होतो. माझं ते वाक्य तसंच तयार झालं. प्रत्यक्षात १९०२चा सिअर्स रोबक कॅटलॉग उघडा (पुनर्मुद्रण मिळतं), त्यात सपोर्टरही आहेत आणि गोल गार्टरही. १९२०च्या दशकात तर तरुण मुली गोल गार्टरवर मोजा गुंडाळून गुडघ्याशी आणू लागल्या. गेलेली वस्तू परत आली असं म्हणायचं का? ती गेलीच नव्हती.

आता साधनांबद्दल, कारण तुमच्यापैकी बरेच जण हा भाग वाचायलाच आले असाल.

शब्दापासून सुरुवात करा. ब्रिटनमध्ये 'सस्पेंडर' म्हणजे मोज्याचा पट्टा. अमेरिकेत 'सस्पेंडर' म्हणजे पँट खांद्यावरून धरणारे पट्टे, ज्यांना ब्रिटिश 'ब्रेसेस' म्हणतात. मोज्याच्या पट्ट्याला अमेरिकन 'होज सपोर्टर' किंवा 'गार्टर' म्हणणार. मी अमेरिकन पेटंटांमध्ये 'सस्पेंडर' शोधून तीन आठवडे नोंदी जमवल्या. निम्म्याहून जास्त पँटच्या निघाल्या. त्या एक्सेल फाईलला मी अजून डिलीट केलेलं नाही, शिक्षा म्हणून ठेवली आहे.

पेटंट म्हणजे वापर नव्हे, हे दुसरं. मार्क ट्वेनने १९ डिसेंबर १८७१ रोजी कपड्यांना लावता-काढता येणाऱ्या पट्टीचं पेटंट मिळवलं, क्रमांक १२१९९२. हे ब्राचं हूक असल्याचं सांगणारे लेख तुम्ही वाचले असतील; पेटंटात बंडी, पँट अशा कपड्यांचा विचार आहे. त्याला पैसे मिळवून दिले ते १८७३च्या चिकट पानांच्या स्क्रॅपबुकाने.

जाहिरातींचं काय? बॉस्टनच्या जॉर्ज फ्रॉस्ट कंपनीचे 'व्हेल्व्हेट ग्रिप' सपोर्टर आणि पुरुषांचे 'बॉस्टन गार्टर', शिकागोच्या ए. स्टाइन कंपनीचे 'पॅरिस गार्टर'. यांच्या जाहिराती इतक्या आहेत की वाटावं सगळा देश हेच घालत होता. त्यांतून वापरणाऱ्यांची संख्या कळत नाही. पण तक्रारी कळतात, आणि हे मला फार उपयोगी पडलं. 'पॅरिस'चा दावा होता की धातू तुमच्या अंगाला लागतच नाही. म्हणजे इतर पट्ट्यांचा धातू टोचत होता. जाहिरात उलटी वाचायची: कंपनी ज्याची हमी देते, ते लोकांना सतावत होतं.

संग्रहालयांबद्दल माझं मत कडवट आहे, कारण तो माझा रोजचा विषय. त्या काळचं इलॅस्टिक म्हणजे व्हल्कनाइझ केलेल्या रबराच्या पातळ पत्र्यातून कापलेले धागे, वर सुती किंवा रेशमी वेष्टण. रबराच्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजन आणि ओझोन हल्ला करतात. ताणलेल्या अवस्थेत ओझोनने भेगा जास्त पडतात. त्यात पितळी बकल असेल तर तांबं या ऱ्हासाला आणखी वेग देतं. घाम, धुणं, ताण, पितळ. रोज वापरलेल्या गार्टरने टिकू नये अशी सगळी तजवीज त्याच्यातच होती. टिकले ते लग्नातले, भेट आलेले, डबीतून न काढलेले. म्हणून काचेच्या पेटीत रेशमी फुलांचे गार्टर दिसतात आणि आपल्याला वाटतं, वा, काय नटवे लोक होते.

लेस्टरशायरच्या संग्रहालयांकडे सिमिंग्टन कंपनीचा संग्रह आहे, १९८० साली मिळालेला. मार्केट हार्बरोच्या याच कंपनीने १९०८ साली मुलांसाठी 'लिबर्टी बॉडिस' काढली: मऊ कापडाची बंडी, तिला खालचे कपडे आणि मोज्याचे पट्टे अडकवायला बटणं. संग्रह उत्तम आहे, पण कंपनीने स्वतः जपलेला. म्हणजे पुन्हा न वापरलेला माल.

मग वापरलेला मोजा बघायचा कुठे? मला सापडलेली सगळ्यात चांगली जागा पोशाखाच्या इतिहासातली नाहीच. लुईस हाइन १९०८पासून नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी अमेरिकेतल्या कामकरी मुलांचे फोटो काढत होता. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे त्यातले पाच हजारांवर आहेत आणि ऑनलाइन मोठे करून बघता येतात. पेपर विकणारी पोरं, गिरणीतल्या मुली. काळे लांब मोजे, गुडघ्यावर भोकं, घोट्याशी गोळा झालेले. हाइनलाही काही सिद्ध करायचं होतं, फाटकं दिसावं हे त्याच्या सोयीचं होतं, हे विसरायचं नाही. पण मोज्याचा पट्टा त्याच्या खिजगणतीत नव्हता. म्हणून त्या बाबतीत त्याचा पुरावा मला जाहिरातीपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

आणि एक धागा अजून धरायचा आहे. विणकामात सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या घातल्या की जी लांबीत छान ताणली जाणारी वीण तयार होते, तिला इंग्रजीत 'गार्टर स्टिच' म्हणतात, कारण त्या विणीचे गार्टर करायचे. रबराशिवायचं इलॅस्टिक! घरी विणलेलं, कॅटलॉगमध्ये न आलेलं, पेटंट नसलेलं. यावर कनिंग्टनांकडे किंवा सिअर्सकडे जाऊन उपयोग नाही, जुन्या विणकामाच्या पुस्तिका आणि मुलींच्या शाळांचे शिवण-विणकामाचे अभ्यासक्रम बघावे लागतील. तो ढीग आता टेबलावर आहे.

प्रकरणातलं वाक्य सध्या असं आहे: 'ज्यांना नवा सपोर्टर विकत घेणं शक्य होतं त्यांच्या खरेदीत १९००नंतर तो वाढलेला दिसतो, गोल गार्टर, फीत आणि दोरी यांचा वापर त्याच्या बरोबरीने चालू होता.' मॅडमनी यावेळी 'दिसतो' खाली रेघ मारली आहे आणि बाजूला लिहिलंय, 'कुठे?'