अमृतधारा आणि लक्ष्मणधारा : दोन नावांचे वाचन

भाषेच्या तासाला आपल्याला शब्दाची फोड करायला शिकवतात. दुकानाच्या गल्ल्यासमोर ही फोड कितपत उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी आज औषधाच्या दोन बाटल्यांवरची नावे वाचू. त्या नावांवरून झालेला खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६२ साली त्याचा निकाल लागला. माझा विषय अभियांत्रिकीचा, कायद्याचा नाही. तरी निकालपत्र हाही शेवटी एक मजकूरच, म्हणून हे धाडस.

पहिली बाटली 'अमृतधारा'. पंडित ठाकूरदत्त शर्मा यांनी १९०१ च्या सुमारास लाहोरात हे औषध काढले. दुसरी 'लक्ष्मणधारा'. ती कानपूरच्या धनकुट्टी भागातली, १९२३ पासून विकत असल्याचा तिच्या मालकाचा दावा. दोन्ही औषधे डोकेदुखी, जुलाब अशा रोजच्या तक्रारींवरची.

अशा बाटल्या लहान गावांपर्यंत पोहोचल्या त्या छापील जाहिरात, रेल्वे आणि टपाल यांच्या जोरावर. व्ही.पी. पार्सल १८७७ मध्ये सुरू झाले, टपालाची मनिऑर्डर १८८० मध्ये. कसब्यातल्या दुकानदाराला आता लाहोरचा किंवा मुंबईचा माल घरबसल्या मागवता येऊ लागला. गिरगावातल्या डोंगरे यांचे बालामृत, १८९३ मध्ये मुंबईत निघालेले अमृतांजन, हे सगळे याच वाटेने पसरले. गावचा वैद्य किंवा हकीम ओळखीचा असे. त्याचे औषध लागू पडले नाही तर दुसऱ्या दिवशी त्याला गाठता येई. बाटलीच्या मागे असे माणूस नव्हते. ती जागा नावाने घेतली. शिवाय गिऱ्हाईक नाव वाचत नसे, तोंडाने सांगत असे. ऐकून दुकानदार फळीवरून बाटली काढून देई. या नावांना 'अमृत', 'संजीवन', 'धारा' हेच शब्द पुन्हा पुन्हा का चिकटले, याचा विचार करताना ही तोंडी देवघेव विसरू नका.

लक्ष्मणधारावाल्यांनी १९५० मध्ये नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला आणि अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने व्याकरण लावले: एक अमृताची धारा, दुसरी लक्ष्मणाची, अर्थ निराळे, तेव्हा गोंधळ कसला? परीक्षेत या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळतील. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. साधारण बुद्धीचे, अर्धवट आठवणीचे गिऱ्हाईक शब्द फोडून अर्थ ताडत बसत नाही. त्याच्या कानात पूर्ण नावाचा ठसा असतो, आणि हे ठसे एकमेकांच्या फार जवळ आहेत, असे त्याने म्हटले. वाचनाची ही रीत मला पहिलीपेक्षा कितीतरी अस्सल वाटते, कारण ती शब्दाला कोशातून काढून दुकानात नेते.

आणि हे केवळ अडाण्यांचे होते असे समजू नका. गेल्या पावसाळ्यात लखनौच्या इंदिरा नगरात, आमच्या घराजवळच्या दुकानात, मी पोटदुखीच्या गोळ्या नाव सांगून मागितल्या. घरी येऊन पाहतो तर शेवटचे अक्षर वेगळे. एम.टेक. झालेला माणूस मी!

पण इथेच माझी तक्रार सुरू होते. निकाल वाचताना चूक गिऱ्हाइकाच्या आठवणीत आहे असे वाटत राहते. त्याला आठवायला दुसरे दिले काय होते? घरोघरी अमृतधारा या नावाने जे औषध करतात त्यात कापूर, पुदिनाफूल आणि ओवाफूल असते. तीन कोरडे पदार्थ एकत्र घोटले की त्यांचे पाणी होते. यात चमत्कार नाही. मिश्रणाचा वितळणांक घटकांपेक्षा खाली जातो, एवढेच. हे घटक लेबलावर असते तर दोन बाटल्या नावाबाहेरही ताडून पाहता आल्या असत्या. पण गुप्तता हाच पेटंट औषधांचा धंदा होता, आणि तो इथलाच नव्हे. ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने १९०९ मध्ये अशा औषधांची पृथक्करणे छापली. बीचमच्या गोळ्यांची डबी जाहिरातीत गिनी मोलाची. आत निघाले कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण, एकूण किंमत अर्धा फार्दिंगच्या आसपास.

आपल्याकडे चोप्रा समिती १९३० मध्ये नेमली गेली, औषध कायदा १९४० मध्ये झाला. आयुर्वेदिक औषधांच्या उत्पादनाचे नियम मात्र त्यात १९६४ च्या दुरुस्तीने आले. म्हणजे हा खटला चालू होता तेव्हा नावांच्या साम्यावर तीन पायऱ्या वाद झाला; बाटलीत काय आहे हा प्रश्न त्या वादाचा भागच नव्हता. व्यापारचिन्हाचा कायदा एका उत्पादकाचे दुसऱ्यापासून रक्षण करतो. गिऱ्हाइकाचे नाव त्यात सतत येते, पण बहुधा साक्षीदारासारखे. न्यायालयासमोर तो प्रश्न कोणी मांडलाच नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

शेवटी मिळाले काय, तेही पाहा. अमृतधारावाल्यांना लक्ष्मणधारेचा वापर ठाऊक होता आणि ते वर्षानुवर्षे गप्प बसले, म्हणून लक्ष्मणधारेला नोंदणी मिळाली, पण फक्त उत्तर प्रदेशातल्या विक्रीपुरती. झाशी आणि ग्वाल्हेर, दोन्ही जुन्या मराठी वस्तीची गावे, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. झाशीच्या फळीवर जे नाव नोंदणीचे, त्याच नावाला ग्वाल्हेरच्या फळीवर नोंदणी नाही. आणि अर्धवट आठवणीचे गिऱ्हाईक दोन्हीकडे तेच.