मेरी त्या गाडीत का चढते?

‘रिबेका’ आवडली म्हणून डाफ्ने द्यू मोरिएची ‘जमैका इन’ (१९३६) उघडली, तर सुरुवातीची पानं सुटत नाहीत. आई गेल्यावर २३ वर्षांची मेरी कॉर्नवॉलच्या माळावर मावशीकडे येते. मावशीचा नवरा जॉस जहाजं खडकांवर फोडून लुटणारा निघतो. मेरी त्याच्या नजरेला नजर देते, रात्री एकटी माळ तुडवते. वा!

मग लेखिकेचाच धीर सुटतो. (पुढे स्पॉयलर आहेत, पण पुस्तक जवळपास नव्वद वर्षांचं आहे.) मेरी ज्या पाद्र्याकडे मदत मागते तोच सूत्रधार. हे तिला कळतं ते हाती लागलेल्या एका चित्रावरून, आणि गोळी झाडतो जेम. पाद्र्याचे पांढरे केस, फिके डोळे म्हणजेच पाप, हे तर आज वाचवत नाही.

खरी चीड शेवटाची. एके काळची हसरी मावशी लग्नात कशी चेपली गेली, हे पुस्तकभर दिसतं. जेम त्याच जॉसचा धाकटा भाऊ, घोडेचोर, चेहराही तसाच. मेरीला हे सगळं ठाऊक आहे. तरी गावाची वाट सोडून ती त्याच्या गाडीत चढते. चढू दे की! पण मावशीची पडझड जितक्या बारकाईने लिहिली, तितकी दोन पानं तरी या निर्णयाला द्यायची होती.